हिंजवडीच्या रांगेतला रेसिंग क्लच

प्रश्न

वाकडला राहणारे आणि हिंजवडी फेज ३ मध्ये नोकरी करणारे एक वाचक लिहितात: त्यांच्याकडे चाकणला तयार झालेली दीड लिटर टर्बो पेट्रोल सेडान आहे, सहा गिअरची मॅन्युअल. कंपनीचे आकडे १५० पीएस आणि २५० न्यूटन-मीटर (एनएम). गाडी ५२,००० किलोमीटर चालली आहे. चार महिन्यांपूर्वी रिमॅप केला, म्हणजे इंजिनाच्या संगणकातली सेटिंग बदलून ताकद वाढवली. ट्यूनरच्या सांगण्यानुसार आता १९० पीएस आणि ३३० एनएम मिळतात. गेल्या महिन्यापासून मुंबईहून येताना बोरघाटाच्या चढावर चौथ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की आरपीएमचा काटा वर पळतो आणि गाडी आहे त्याच वेगात राहते. वर्कशॉपने ‘स्टेज ३’चा सहा पकचा (अस्तराच्या सुट्या तुकड्यांचा), सिंटर्ड (धातूची भुकटी भाजून केलेल्या) मटेरियलचा रेसिंग क्लच सुचवलाय, क्षमता ६०० एनएम. सोबत मूळचं ड्युअल मास फ्लायव्हील (डीएमएफ, म्हणजे क्लच ज्यावर बसतो ते इंजिनाच्या टोकाचं दोन भागांचं जड चाक) काढून हलकं, एकसंध सॉलिड फ्लायव्हील. खर्च सव्वा लाख. शनिवार-रविवारी ताम्हिणी किंवा महाबळेश्वर, वर्षातून एकदा अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅग रेस. रोज ऑफिसला हीच गाडी. बायकोही चालवते आणि तिचा डावा गुडघा दुखतो. ‘गिअरबॉक्स एकदाच उतरवायचा, तर सगळ्यात भारी क्लच घेऊन मोकळं व्हावं ना? आणि डीएमएफ ठेवू की काढू?’

उत्तर

पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही जाता जाता लिहिलीत: गाडी रोज फेज ३ ला जाते. सव्वा लाखाचा निर्णय त्या वाक्यावर व्हायला हवा, बोरघाटावर नाही.

सर्किटवरच्या रेस गाडीत क्लचचं मुख्य काम सुरुवातीला एकदा, आणि पिटमधून बाहेर पडताना. एकदा जोडला की त्याने घसरायचं नाही, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा. तुमचा क्लच भूमकर चौकापासून हिंजवडीच्या शिवाजी चौकापर्यंत किती वेळा दाबला जातो, ते उद्या सकाळी मोजून पाहा. त्यातल्या बहुतेक वेळा तुम्ही त्याला मुद्दाम घसरवत, हळूहळू जोडत असता. रस्त्यावरच्या क्लचला आधी नीट घसरता यावं लागतं, घट्ट धरणं त्यानंतर येतं. वर्कशॉपने सुचवलेली प्लेट नेमकी या पहिल्या कामात कच्ची आहे.

पण त्याआधी दुसरी शंका. क्लच कमी पडतोय हे तुम्ही गृहीत धरलंय. कदाचित खरंही असेल, पण ५२,००० किलोमीटरच्या क्लचला घसरायला इतरही कारणं असतात. क्रँकच्या मागच्या ऑइल सीलमधून किंवा गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या सीलमधून तेल प्लेटवर उडत असेल. हायड्रॉलिक लाइन पूर्ण मागे येत नसेल, म्हणजे पाय काढल्यावरही रिलीज बेअरिंग (क्लच सोडवणारं बेअरिंग) क्लचच्या डायफ्राम स्प्रिंगच्या बोटांवर थोडं रेलून राहत असेल. किंवा पाय पेडलवर टेकवून गाडी चालवायची सवय असेल. तेल उडत असताना नवीन क्लच बसवला, मग तो ६०० एनएमचा का असेना, काही महिन्यांत पुन्हा तेच.

तपासणी घरच्या घरी होते. साधा ओबीडी रीडर (गाडीच्या संगणकातले आकडे वाचणारं उपकरण) लावून मोबाइलवर आरपीएम आणि वेग दोन्ही नोंदवा. एका गिअरमध्ये या दोघांचं गुणोत्तर बदलत नाही, बदललं की क्लच घसरला. गाडी गरम झाल्यावर, रिकाम्या सपाट रस्त्यावर, चौथ्या गिअरमध्ये १,८०० आरपीएमवरून पूर्ण ॲक्सिलरेटर देऊन ३,००० पर्यंत जा. हायवेच्या वेगमर्यादेच्या आतच हे होतं. मग हेच थंड क्लचवर करा, सकाळी इंजिन गरम झाल्या झाल्या, रांगेत अडकण्याआधी. थंड असताना पकडतो आणि तापल्यावर घसरतो, तर क्षमता अपुरी. थंडही घसरतो आणि अर्ध्या ॲक्सिलरेटरवरही घसरतो, तर प्लेट संपलीय किंवा तेल लागलंय.

आता क्लच टॉर्क (इंजिनाची फिरवण्याची ताकद, एनएममध्ये मोजतात ती) कशाने पेलतो ते बघू, कारण ‘स्टेज’ या शब्दाला काहीच अर्थ नाही. तो कुठल्या संस्थेने ठरवलेला दर्जा नव्हे. एका कंपनीचं स्टेज २ म्हणजे दुसरीचं स्टेज ३. हिशोब मात्र सगळीकडे एकच: घर्षणाच्या बाजूंची संख्या, गुणिले घर्षणाचा गुणांक, गुणिले प्रेशर प्लेटचा (क्लच प्लेट फ्लायव्हीलवर दाबून धरणाऱ्या तबकडीचा) दाब, गुणिले सरासरी त्रिज्या. उदाहरण घ्या. २२८ मिलीमीटरची प्लेट, अस्तराचा आतला व्यास १५० मिलीमीटर, म्हणजे सरासरी त्रिज्या ९४.५ मिलीमीटर. दाब ६,००० न्यूटन, ऑरगॅनिक अस्तराचा गुणांक ०.२८, बाजू दोन. उत्तर येतं साधारण ३१८ एनएम. २५० एनएमच्या इंजिनाला हे प्रमाण छान आहे, कारण कंपन्या साधारण एवढीच शिल्लक ठेवतात. ३३० एनएमला ते काठावरचं. आणि तापून गुणांक ०.२४ वर आला की क्षमता २७२ वर उतरते. बोरघाटात तुम्हाला दिसतंय ते हे.

या सूत्रात अस्तराचं क्षेत्रफळ कुठेच नाही. ‘मोठा पृष्ठभाग म्हणजे जास्त पकड’ हे गॅरेजमध्ये रोज ऐकू येतं, आणि ‘सहाऐवजी तीन पकची प्लेट जास्त पकडते’ हेही. दोन्ही चूक. पक कमी केले की प्लेट हलकी होते आणि गिअर पटकन पडतो. क्षेत्रफळ कमी म्हणजे प्रत्येक पकवर उष्णता आणि झीज जास्त. पकड वाढते ती पकच्या मटेरियलमुळे: सिंटर्ड ब्राँझ किंवा सिरॅमेटॅलिकचा गुणांक ०.४ च्या घरात जातो आणि तापल्यावर टिकून राहतो.

सूत्रातून मार्गही दिसतात. प्रेशर प्लेटचा दाब २५ टक्के वाढवला तर तीच ऑरगॅनिक प्लेट ३९७ एनएम पेलते. व्यास २२८ वरून २४० केला तर सरासरी त्रिज्या तीन ते पाच टक्के वाढते, फार नाही. मोठ्या इंजिनाच्या गाडीचा क्लच बसवला की फायदा होतो तो मुख्यतः त्याच्या प्रेशर प्लेटच्या जास्त दाबामुळे. आणि दोन प्लेटांचा क्लच घेतला तर बाजू चार होतात, दाब निम्म्यावर आणूनही क्षमता तेवढीच राहते, पेडल हलकं. त्यावर पुढे येतो.

आता मला सगळ्यात आधी विचारायला हवा होता तो प्रश्न: ३३० एनएम तुम्हाला कशाला हवेत? १९० पीएस हवेत, हे समजतं. पण १९० पीएस ५,५०० आरपीएमवर मिळत असतील, तर त्या क्षणी टॉर्क फक्त २४३ एनएमच्या आसपास असतो. ३३० चा डोंगर २,००० आरपीएमच्या आसपास उभा असतो, जिथे टर्बो नुकता भरलेला असतो. ट्यूनरने तो डोंगर कापून २९० वर सपाट केला, तर वरचे १९० पीएस जसेच्या तसे राहतात. क्लचवरचा ताण कमी होतो आणि डीएमएफमधल्या वक्र स्प्रिंगा टोकाला जाऊन आदळणं कमी होतं. शिवाय थेट इंधन फवारणाऱ्या टर्बो पेट्रोल इंजिनात कमी आरपीएमवर जास्त भार टाकला की मिश्रण वेळेआधी पेट घेण्याचा धोका असतो, आणि त्याने पिस्टन फुटतात. तोही कमी होतो. चांगला ट्यूनर हा बदल तासाभरात करतो. गिअरनुसार टॉर्कची मर्यादाही बांधता येते.

म्हणून तुमचा क्लच तपासणीत फक्त गरम असताना घसरत असेल आणि थंड असताना धड असेल, तर आधी मॅप. गिअरबॉक्स उतरवूच नका. दोन महिने चालवा. पुन्हा घसरला तर पुढे वाचा. पण एकदा घसरलेल्या क्लचचं अस्तर काचेसारखं गुळगुळीत झालेलं असू शकतं आणि मग मॅप बदलूनही पकड परत येत नाही, हे लक्षात ठेवा. घसरतोय हे कळल्यावर त्याच्यावर पूर्ण ॲक्सिलरेटर देत राहणं म्हणजे फ्लायव्हीलही सोबत जाळणं. पायाला आवर घाला.

अँबी व्हॅलीच्या ड्रॅगसाठी रेसिंग क्लच हवा, हे दुसरं गृहीतक. इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना देणारी गाडी आहे. पुढच्या एक्सलवर साधारण ८०० किलो, रस्त्याच्या टायरची पकड ०.९ धरली आणि पहिल्या गिअरचं एकूण गुणोत्तर चौदाच्या आसपास धरलं, तर क्लचवर दीडशे-पावणेदोनशे एनएम आले की टायर फिरू लागतात. म्हणजे पहिल्या गिअरमध्ये तुमची अडचण क्लच नव्हे, टायर आहे. क्लचला ३३० एनएम पेलावे लागतात ते चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये, जिथे टायर सुटत नाहीत. घाटात घसरतो आणि सिग्नलवर घसरत नाही, त्याचं कारण हेच. वर्षातल्या चार रनसाठी रोजच्या तीनशे सुरुवाती त्रासाच्या करू नका. टायर बदला, त्याने वेळ जास्त सुधारेल.

उष्णतेचं गणितही ऐका, कारण पुण्यात क्लच मरतो तो यानेच. साधारण १,३०० किलोची गाडी पहिल्या गिअरमध्ये १,२०० आरपीएमवर हळूच सोडली, तर क्लच तासाला १० किलोमीटरच्या आसपास पूर्ण जोडला जातो आणि क्लचमध्ये साधारण ५ किलोज्यूल उष्णता जाते. तेच २,४०० आरपीएमवर धरून सोडली तर २०. आरपीएम दुप्पट, उष्णता चौपट. ४,८०० वर सोडली आणि टायर सुटले नाहीत तर ८०. आता चढावर, समजा शंभर मीटरला सहा मीटर चढ, गाडी ब्रेकऐवजी हाफ क्लचवर दहा सेकंद रोखून धरली तर २२ किलोज्यूल. म्हणजे एकही इंच न हलता चार सुरुवाती खर्च! चांदणी चौकाच्या चढांवर दर संध्याकाळी हा कार्यक्रम चालतो, आणि नंतर ‘क्लच तीस हजारात गेला, पार्ट डुप्लिकेट असणार’ असं म्हणतात.

सिंटर्ड पकची प्लेट या कार्यक्रमात कशी वागेल? तिला उष्णता सोसते, पण अर्धवट जोडलेल्या अवस्थेत ती थांबत नाही. ऑरगॅनिक प्लेटच्या दोन अस्तरांच्या मध्ये लहरी पत्र्याच्या पातळ पट्ट्या असतात. दाब आला की त्या हळूहळू सपाट होतात आणि त्यामुळेच ‘बायटिंग पॉइंट’ला लांबी मिळते. पकच्या रेस प्लेटमध्ये या पट्ट्या बहुधा नसतात. म्हणून क्लच ‘चालू किंवा बंद’ एवढाच. सोडताना गाडी थरथरते, मागच्याला वाटतं नवशिका चालवतोय. सिंटर्ड मटेरियल फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेटचा बिडाचा पृष्ठभागही खरवडतं. प्लेट टिकते, जोडीदार झिजतो. रांगेत रोज दीड तास आणि शेजारी गुडघा दुखणारी बायको, असं असेल तर मी ही प्लेट फुकट मिळाली तरी घेऊ नका म्हणेन.

केव्हलारच्या प्लेटची जाहिरात तुम्हाला दिसेल. खूप टिकते, गुळगुळीत जोडते, हे खरं. पण तिला रुळवायला हजार-दीड हजार किलोमीटर लागतात आणि एकदा जास्त तापून काचेसारखी झाली की ती सावरत नाही. ऑरगॅनिक प्लेट थोडी जळाली तरी थंड झाल्यावर बरीच परत येते. सतत थांब-चाल करणाऱ्या गाडीला केव्हलार मला पटत नाही.

दोन प्लेटांचा क्लच रस्त्यासाठी चांगला पर्याय आहे, हे मान्य. पेडल हलकं, पकड भरपूर. पण तो ५०० एनएमच्या पुढच्या गाड्यांचा इलाज आहे. त्याला सोडवायला पेडलचा जास्त प्रवास लागतो, तो कमी पडला की प्लेट पूर्ण सुटत नाही, क्लच ‘ड्रॅग’ करतो आणि पहिला-रिव्हर्स पडताना दात वाजतात. न्यूट्रलला पेडल दाबल्यावर खडखडतो तो वेगळाच. तुमच्या ३३० साठी हे डोंगर पोखरून उंदीर काढण्यासारखं.

आता डीएमएफ. ते काढायची घाई करू नका. डीएमएफ म्हणजे दोन भागांचं फ्लायव्हील, मध्ये लांब वक्र स्प्रिंगा. इंजिनाचे धक्के तिथेच विरतात. म्हणूनच डीएमएफच्या गाडीत क्लच प्लेटच्या मधोमध स्प्रिंगा बहुधा नसतात. इथेच वर्कशॉपच्या प्रस्तावातली सगळ्यात मोठी चूक लपलेली असू शकते. डीएमएफ काढून सॉलिड फ्लायव्हील लावलं, तर मधल्या हबमध्ये स्प्रिंगा असलेली प्लेट सक्तीची. सॉलिड फ्लायव्हील आणि बिनस्प्रिंगची पक प्लेट एकत्र बसवली की इंजिनाचा प्रत्येक धक्का थेट गिअरबॉक्समध्ये. आयडलला, एसी चालू असताना, गिअरबॉक्समधून डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज येतो. गिअर जुळवणाऱ्या सिंक्रो रिंगा आणि बेअरिंग लवकर जातात. हलक्या फ्लायव्हीलने आणखी दोन त्रास. एसीचा कंप्रेसर लागला की आयडल डळमळतं आणि रांगेत गाडी बंद पडते. शिवाय क्रँकच्या वेगातले चढउतार वाढल्याने ईसीयूला (इंजिनाच्या संगणकाला) मिसफायर झाल्याचा भास होऊन चेक इंजिनचा दिवा लागू शकतो. सगळं ठीक असताना लागलेल्या त्या दिव्यामागे लोक प्लग आणि कॉइल बदलत बसतात.

डीएमएफ खराब आहे का, हे गिअरबॉक्स उतरवल्यावर पाच मिनिटांत कळतं. मागचा भाग हाताने दोन्ही दिशांना फिरवून मोकळा कोन मोजायचा आणि कडेला धरून किती डुलतो ते बघायचं. दोन्हींच्या मर्यादा प्रत्येक मॉडेलला वेगळ्या असतात, निर्मात्याच्या तक्त्यात मिळतात. शेफलरच्या ‘लुक’ ब्रँडचं त्यासाठी खास मोजमापाचं साधन आहे, चांगल्या वर्कशॉपकडे ते असतं. ग्रीस बरंच बाहेर आलेलं असेल किंवा घर्षणाच्या पृष्ठभागाबाहेर, कडेला किंवा मागेही, निळी-जांभळी छटा आली असेल तर बदलायचंच. ‘लेथवर एक हलका कट मारून देतो’ असं कुणी डीएमएफबद्दल म्हणालं, तर नको म्हणा. आणि मूळ बिडाचं सॉलिड फ्लायव्हील भोसरीच्या एखाद्या शॉपमध्ये कापून हलकं करून आणणं तर अजिबात नको. बीड जास्त आरपीएमवर फुटतं तेव्हा ॲल्युमिनियमचं बेल हाउसिंग त्याला अडवत नाही, आणि पलीकडे तुमचे पाय असतात. हलकं फ्लायव्हील हवंच असेल तर स्टील बिलेटचं, एसएफआय १.१ (अमेरिकेतल्या मोटरस्पोर्ट सुरक्षा संस्थेचं मानक) प्रमाणित घ्या.

तर माझं मत असं. मॅप २९०-३०० वर सपाट करा. क्लच संपला असेल तर मूळ मापाची, दोन्ही बाजूंना ऑरगॅनिक अस्तराची प्लेट आणि २०-३० टक्के जास्त दाबाची प्रेशर प्लेट, डीएमएफ ठेवून. झेडएफच्या साक्ससारख्या कंपन्या अशी रस्त्याची परफॉर्मन्स किट बनवतात. क्षमता ३८० ते ४०० एनएम पुरे. ६०० नको, कारण क्लच हा फ्यूजही असतो. तो घसरला नाही तर धक्का ड्राइव्हशाफ्ट आणि डिफरन्शियल घेतात आणि ते क्लचपेक्षा महाग आहेत. पेडल थोडं जड होईल, दाबाच्याच प्रमाणात, म्हणून २०-३० टक्क्यांच्या पुढे जाऊ नका. तुमच्या घरी गुडघा आहे. पण गुडघ्यापलीकडेही कारण आहे. पेडल दाबलेलं असताना प्रेशर प्लेटची सगळी परतीची शक्ती क्रँकच्या थ्रस्ट बेअरिंगवर येते. जड प्रेशर प्लेट आणि सिग्नलला पेडल दाबून उभं राहण्याची सवय, या दोघांनी मिळून इंजिन उतरवायची वेळ येऊ शकते.

विकणाऱ्याला लेखी विचारा: टॉर्कची क्षमता क्रँकवरची की चाकावरची? कोणत्या फ्लायव्हीलसोबत? हबला स्प्रिंग आहे का? प्रेशर प्लेटचा दाब किती न्यूटन? आणि फक्त प्लेट सुटी मिळते का, भारतात, की पुढच्या वेळी पूर्ण किट मागवावं लागेल? ही उत्तरं न देता ‘स्टेज ३ आहे सर, काही टेन्शन नाही’ म्हणणाऱ्याकडून घेऊ नका.

गिअरबॉक्स उतरवलाच की मजुरीचा मोठा भाग खर्च झालेला असतो. तेव्हा रिलीज बेअरिंग किंवा त्याचं हायड्रॉलिक सिलिंडर, क्रँकचं मागचं सील, फ्लायव्हीलचे आणि प्रेशर प्लेटचे नवे बोल्ट, गिअर ऑइल हे सगळं एकदमच करा. फ्लायव्हीलचे बोल्ट ताणले जाणारे असतात, एकदाच वापरायचे, ठरलेला टॉर्क देऊन मग ठरलेला कोन फिरवायचा. तुमच्या प्रेशर प्लेटमध्ये झिजेप्रमाणे स्वतः जुळवून घेणारी रिंग असेल तर ती बसवताना खास टूल लागतं. नुसते बोल्ट आवळून ओढली तर रिंग आपल्या जागेवरून सुटते, आणि नव्या क्लचचा पेडल पहिल्याच दिवशी वेगळा लागतो. बाकीच्या प्लेटांचे बोल्ट समोरासमोर, एकेक फेरा, हळूहळू. प्लेट मध्यात आणायला अलाइनमेंट टूल, अंदाज नव्हे. अस्तराला हाताचं ग्रीस लागू द्यायचं नाही, दोन्ही बिडाचे पृष्ठभाग ब्रेक क्लीनरने पुसायचे. इनपुट शाफ्टच्या स्प्लाइनवर ग्रीस नखभर, जादाचं पुसून काढायचं, कारण ते फिरताना उडून प्लेटवरच जातं. शेवटी डॉट ४ तेलाने लाइनमधली हवा काढायची. हवा राहिली तर प्लेट पूर्ण सुटत नाही आणि दोष नव्या क्लचवर येतो.

रुळवणं हा भाग बहुतेक जण चुकवतात. ८०० किलोमीटर, पण शहरातले. मुंबईला जाऊन आलात, ३०० किलोमीटर झाले, तरी क्लच जेमतेम पन्नास-साठ वेळा जोडला गेला असेल, तो रुळला नाही. अस्तर आणि बीड एकमेकांना घासून जुळायला हजारो हलक्या जोडण्या लागतात. यासाठी हिंजवडी उत्तम! या काळात पूर्ण ॲक्सिलरेटर नाही, जोरात सुरुवात नाही, घाटात चौथ्यात ओढणं नाही. सुरुवातीला थोडा वास आला तर घाबरू नका, पण थरथर ५०० किलोमीटरनंतरही राहिली तर वर्कशॉपला परत न्या.

रांगेत चालवायची पद्धतही थोडी बदला. पहिल्या गिअरमध्ये क्लच पूर्ण सोडून, ॲक्सिलरेटर न देता, तुमची गाडी आयडलवर तासाला साधारण ७ किलोमीटरने चालते. पुढच्याशी तेवढं अंतर ठेवा आणि चालू द्या, मध्ये रिक्षा घुसली तर घुसू दे. थांबलात की न्यूट्रल, पाय पेडलवरून खाली. चढावर हँडब्रेक किंवा हिल होल्ड. ड्रॅगला गेलात तर दोन रनच्या मध्ये इंजिन चालू, गिअर न्यूट्रल आणि पेडल सोडलेलं ठेवून दहा मिनिटं थांबा. प्लेट फिरत राहते, हवा खेळते. धूर निघालाच तर पेडल दाबून उभं राहू नका, शक्य असेल तर वरच्या गिअरमध्ये एकसारखी गाडी चालवत थंड करा.

रिमॅपबद्दल आणखी एक. गाडी अजून वॉरंटीत असेल तर इंजिन-गिअरबॉक्सच्या दाव्यात अडचण येणार हे धरून चाला, आणि विमा कंपनीला बदल कळवलेला बरा.

वेगळी गाडी असलेल्या इतर वाचकांसाठी थोडक्यात. बिनटर्बोच्या हॅचबॅकला परफॉर्मन्स क्लचची गरज नाही, कंपनीचा नवा पुरे. डिझेल रिमॅप करणाऱ्यांना वरचं सगळं दुपटीने लागू आहे, कारण तिथे कमी आरपीएमवरचा टॉर्कच मोठा आणि धक्केही मोठे, डीएमएफ तर अजिबात काढू नका. ज्यांची गाडी ट्रेलरवर चढून कोइम्बतूर किंवा चेन्नईच्या ट्रॅकवर जाते आणि ट्रेलरवरच परत येते, त्यांनी खुशाल सिंटर्ड पक घ्यावेत, त्या प्लेटा त्यांच्यासाठीच आहेत. मधल्यांसाठी, म्हणजे ४०० ते ५०० एनएम आणि आठवड्यातून दोनदाच रस्त्यावर, स्प्रिंग हबची आणि एका बाजूला ऑरगॅनिक, दुसऱ्या बाजूला सिरॅमिक अस्तराची प्लेट चालते. ती थोडी थरथरते, पण सहन होते.

काम झाल्यावर जुनी प्लेट आणि प्रेशर प्लेट वर्कशॉपकडून मागून घ्या, भंगारात जाऊ देऊ नका. अस्तर रिव्हेटपर्यंत सारखं झिजलेलं असेल तर क्लचचं वय झालं होतं, रिमॅपने फक्त घाई केली. अस्तर जाड आहे पण चकाकतंय आणि प्रेशर प्लेटवर निळे डाग आहेत, तर तो टॉर्कने किंवा हाफ क्लचने जळला. हबच्या बाजूने बाहेर काळ्या ओल्या रेघा दिसत असतील तर तेल होतं, आणि सील बदललं की नाही हे बिल देण्याआधी विचारा.